अक्काची सही



दशलक्षण पर्व झालं, अनंत चतुर्दशीचा उपवास झाला, पारणी झाली. मोठी पातेली पुन्हा माळ्यावर गेली. दोन दिवस हाताला उसंत आहे, तेवढ्यात या वर्षीच्या आमच्या क्षमावाणीच्या पत्राची गोष्ट लिहून टाकते. गोष्ट खरं तर एका सहीची आहे. ती सही कॉम्प्युटरवर सुंदर करायला मी बसले, तीन संध्याकाळी त्यात घातल्या आणि शेवटी केलेलं बरंचसं काम माझ्याच हातांनी पुसलं. का पुसलं, तेच सांगायचं आहे.

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, मूळच्या शिरोळ तालुक्यातल्या. लग्न होऊन मुंबईकडे आल्या आणि गेली चाळीस वर्षं डोंबिवलीत आहेत. पण क्षमावाणीची पत्रं लिहिण्याची त्यांची पद्धत गावाकडचीच राहिली. पूर्वी आमच्याकडे छापील कार्डं यायची. गुलाबी कागद, निळी शाई, वर जोडलेले हात, खाली कमळ, आणि मधे नेहमीचा मजकूर: वर्षभरात कळत-नकळत मनाने, वाणीने, कृतीने दुखावलं असेल तर क्षमा असावी. मजकूर छापील असला तरी सही प्रत्येक कार्डावर आई स्वतः करायच्या. साठ-सत्तर कार्डं. दुपारची झाकपाक झाली की जमिनीवर पाट घ्यायचा, त्यावर कार्डांचा गठ्ठा, शेजारी पत्त्यांची जुनी डायरी. एक कार्ड उचलायचं, ज्याला जाणार त्याचं नाव मनात आणायचं, क्षणभर थांबायचं आणि मग सही करायची. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा म्हटलं होतं, "आई, सहीसुद्धा छापून घेऊ या की, हात दुखतो तुमचा." त्या म्हणाल्या होत्या, "मग मी काय केलं गं त्यात?"

आता आईंना कंपवात आहे. सहा वर्षं झाली. हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं, पण या दुखण्यात अक्षरही हळूहळू बारीक होत जातं, हे मला आधी माहीत नव्हतं. ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं असतं, पुढे पुढे मुंगीएवढं होतं. घासाचा चमचा, साडीची निरी, जपमाळ, सगळ्यालाच वेळ लागतो. गेली दोन वर्षं आमच्या घरातून क्षमावाणीचं पत्र गेलंच नाही. हे आणि आमचे चिरंजीव मोबाइलवर आलेलं एखादं चमचमणारं चित्र पुढे ढकलायचे, दिवे लुकलुकणारं, फुलं पडणारं. आई ते बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

यंदा श्रावणात त्या आपणहून म्हणाल्या, "औंदा माझ्या नावाचं एक पत्र जाऊ दे. तुला ते कॉम्प्युटरचं येतंय न्हवं?"

येतंय. लग्नाआधी मी डीटीपीचा कोर्स केला होता आणि दोन वर्षं एका छापखान्यात लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची बिलबुकं जुळवत होते. तेव्हा पेजमेकर आणि श्रीलिपी यांचं राज्य होतं. ती सवय जुनी, पण हात विसरलेला नाही. शिवाय आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. सात वाजता ओटा पुसून झालेला असतो, मग दोन तास माझे. मी उत्साहाने बसले.

पहिल्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. आईंचं पूर्ण नाव टाइप केलं, त्याला वळणदार फॉण्ट लावला, सोनेरी रंग भरला, मागे सावली टाकली, कडेला चमक, खाली कमळ. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर फोटोशॉपची एक जुनी आवृत्ती आहे, त्यातच हे चाललं होतं. नाव कसंबसं बसलं आणि वर 'क्षमावाणी' असा मथळा टाइप केला, तर 'क्ष' फुटला. आधी पाय मोडलेला क, मग वेगळा ष. 'विनंती'मधली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसली. क्षमेचं पत्र आणि क्षच तुटलेला!

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पत्रिका-बॅनरवर अशी तुटकी अक्षरं आपण रोज बघतो. हल्लीच्या युनिकोड पद्धतीत कॉम्प्युटर मराठी शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवतो. 'वि'मध्ये आधी व, मग वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. 'क्ष' म्हणजे साठवताना क, हलन्त आणि ष अशा तीन खुणा असतात आणि त्यांचं एक अक्षर करून दाखवण्याचं काम सॉफ्टवेअरचं असतं. जुन्या फोटोशॉपला ते नीट जमत नाही. नव्या आवृत्तीत मजकुराच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडलं की अक्षरं जुळतात. जिंप आणि इंकस्केप ही दोन सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात आणि त्यांत मराठी सहसा सरळ उमटतं. फॉण्टही आता विकत घ्यावे लागत नाहीत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्त आणि बालू हे देवनागरी फॉण्ट कुणालाही मोफत वापरता येतात. आमच्या वेळी श्रीलिपीत जुळवलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर नेला की चिन्हांची खिचडी व्हायची. त्या मानाने तुम्ही मुली सुखी आहात.

तर मी जिंप उतरवून घेतलं, क्ष जोडला, सगळं पुन्हा रचलं आणि आईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "दुकानाची पाटी झक्क झालीया."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर कमल शेडगे यांची आठवण झाली. आपल्यापैकी ज्यांनी जुने पेपर चाळले आहेत त्यांना त्यांची अक्षरं आठवतील, नाव कदाचित नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींमधली शीर्षकं ते हाताने रेखाटायचे. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा आमच्या इथल्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात प्रयोग असला की पेपरात ती चौकट यायची आणि नाव वाचायच्या आधीच अक्षरांच्या वळणावरून नाटक ओळखू यायचं. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर वेगळं, विनोदी नाटकाचं वेगळं. २०२० साली ते गेले. त्यांच्या अक्षरांना सजावट होती, पण आधी त्या नाटकाचा स्वभाव होता. माझ्या सोनेरी नावात आईंचा स्वभाव कुठे होता? आई आयुष्यभर सुती नऊवारी आणि दोन बांगड्यांत राहिल्या. मी त्यांना जरीची पैठणी नेसवून ठेवली होती.

दुसऱ्या संध्याकाळी वाटलं, आईंची जुनी सहीच घ्यावी. डायरीत एक न पाठवलेलं गुलाबी कार्ड सापडलं. त्यावरची सही ठसठशीत, शिरोरेषा एका दमात ओढलेली, शेवटी खाली छोटीशी फाटी. तिचा फोटो काढला आणि पांढरा भाग काढून टाकला. आता ती कुठल्याही रंगावर बसली असती. मी खूश होऊन चिरंजीवांना दाखवली. तो म्हणाला, "आई, हीच सही आजीची बँकेत आहे ना? अशी मागचा कागद काढलेली सही शंभर मोबाइलवर पाठवणार? कुणीही उचलून कुठल्याही कागदावर चिकटवेल."

मैत्रिणींनो, हे खरोखर लक्षात ठेवा. बँकेत, पोस्टात, सोसायटीच्या कागदांवर जी सही चालते तिचं स्वच्छ चित्र कुठेही पाठवू नका. घरच्या कार्डाला, अभिनंदनाच्या पत्राला वेगळं नाव, वेगळं वळण ठेवा. मी ती फाइल तिथल्या तिथे पुसली.

मग आईंना विचारलं, "आई, तुम्ही नुसतं नाव लिहाल का? सही नको. जसं जमेल तसं."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझं नाव घेऊन कोण हाक मारतंय आता? नाव घालू नको. अक्का लिहिते."

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. आई घरात थोरल्या. त्यांना अक्का म्हणणारी माणसं आता तीनच राहिलीत, एक भाऊ, एक चुलतबहीण आणि जयसिंगपूरच्या मावशी. आणि मावशींनी अकरा वर्षांत त्यांना हाक मारलेली नाही.

मी मुलाची दुरेघी वही शोधून काढली, पहिलीतली, कोरी राहिलेली. कंपवाताच्या माणसाला रुंद रेघा आखून दिल्या की अक्षर मोठं ठेवायला मदत होते. जाड टोकाचं काळं मार्कर दिलं, कारण पातळ बॉलपेनची रेघ फोटोत तुटते. पहिल्या पानावर 'अ' बरा आला, 'का' दिसेनासा झाला. दुसऱ्या पानावर तसंच. मग आईंनी काय केलं, आधी रेघ ओढली. डावीकडून उजवीकडे आडवी शिरोरेषा, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं. म्हणाल्या, "आमचे आबा असंच लिहायचे." त्यांचे वडील मोडी लिहिणारे. मोडीत ओळीची रेघ आधी आखून घेतात आणि अक्षरं मागाहून तिच्याखाली, हात फारसा न उचलता लिहितात. आपल्याला शाळेत उलटं शिकवलं, आधी अक्षरं आणि मग वर रेघ. १९५०च्या दशकात मोडी शाळांतून गेली. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकारांनी मोडीचा अभ्यास करून तिचं वळण पुन्हा लोकांसमोर आणलं, त्यांना २०२५ साली पद्मश्रीही मिळाली. पण माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, थरथरत्या हाताला आधार म्हणून कुणी आबांची रेघ ओढेल असं मला कधी वाटलं नव्हतं. रेघ आधी मिळाल्यावर हाताला जणू कठडा मिळाला. सातव्या पानावर 'अक्का' पूर्ण आलं. मोठं, थरथरतं, पण पूर्ण.

आता कामाचं सांगते, कुणाला आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं अक्षर असं ठेवायचं असेल तर उपयोगी पडेल. पान खिडकीशी दिवसा ठेवा आणि फोटो बरोबर वरून काढा. ट्यूबलाइटखाली काढला तर कागद पिवळा येतो आणि स्वतःच्या हाताची सावली पडते. फोटो जिंपमध्ये उघडून 'लेव्हल्स'मध्ये कागद पांढरा आणि शाई काळी होईल एवढंच सरकवा. 'थ्रेशोल्ड' नावाची सोय आहे ती मोह पाडते, एका झटक्यात सगळं काळं-पांढरं करते, पण अक्षराच्या कडा करवतीसारख्या होतात. मग 'कलर टू अल्फा'मध्ये पांढरा रंग निवडला की कागद नाहीसा होतो आणि नुसतं अक्षर उरतं. ते पीएनजी म्हणून साठवा. जेपीजी केलंत तर पारदर्शकपणा जातो आणि अक्षरामागे पांढरा चौकोन परत येतो. अक्षर, मजकूर, पार्श्वभूमी हे तिन्ही वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. आपण डब्यात चटणी, भाजी, पोळी वेगवेगळी ठेवतो ना, तसं. एक बिघडलं तर बाकीचं तसंच राहतं.

हे सगळं झालं आणि तिसऱ्या संध्याकाळी मी ती चूक केली.

अक्षर मोठं छापायचं तर ते रेषांमध्ये बदलून घेतलेलं बरं, म्हणजे कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. त्यासाठी मी ते इंकस्केपमध्ये नेलं आणि 'ट्रेस बिटमॅप' केलं. त्यात अक्षराच्या कडेने बारीक बारीक ठिपके येतात. धडधाकट हाताच्या अक्षराला ठिपके थोडे लागतात. आईंच्या 'अक्का'ला शेकडो ठिपके आले, कारण प्रत्येक थरथरीला एक वळण. तिथे एक 'सिम्प्लिफाय' आहे, कंट्रोल आणि एल. एकदा दाबलं, कडा जरा गुळगुळीत झाल्या. दुसऱ्यांदा दाबलं, शिरोरेषा सरळ झाली. तिसऱ्यांदा दाबलं आणि थरथर गेली. 'अक्का' सुंदर दिसायला लागलं, एखाद्या सुलेखनाच्या वर्गातल्या मुलीने लिहावं तसं. मी 'का'चा काना जरा लांबवला, खाली एक फिकट कमळ ठेवलं आणि आईंना हाक मारली. मनात होतं, त्यांना किती बरं वाटेल, आपला हात पुन्हा धड झालेला बघून.

त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच की, आई. मी जरा सारखं केलं."

"हे मी लिहिलेलं न्हवं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "अशी सरळ सही माझी एकदा झाली होती. ती पुरे झाली."

त्या रात्री त्यांनी मला पहिल्यांदा ती गोष्ट सविस्तर सांगितली. तुकड्या-तुकड्यांत मला माहीत होती. आबा गेल्यावर शेताचा विषय निघाला आणि भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणलं. आईंचं सगळं बरं चाललं होतं, भावावर जीव होता, त्यांनी आनंदाने सही केली. मावशींचं तसं नव्हतं. त्या विधवा, दोन मुली पदरात. त्यांना त्यांचा वाटा हवा होता आणि त्यात चूक काहीच नव्हती. हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आणि महाराष्ट्राने तर त्या दिशेचा कायदा १९९४ सालीच केला होता. पण घरात कायदा कोण काढतं? मावशींच्या पुढे कागद ठेवून सगळे म्हणाले, "अक्कानं बघ कशी सरळ सही केली, तुलाच काय झालंय?" चार महिने हेच ऐकून शेवटी मावशींनीही सही केली. रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्या उतरताना त्या आईंना एवढंच म्हणाल्या, "तू केली नसतीस तर मला न्हाई म्हणता आलं असतं." त्यानंतर बोलणं बंद.

"मी माझं सोडलं असं मला वाटलं," आई म्हणाल्या. "तिचं सोडवलं, हे कळायला लई दिवस गेले. कागद वाचला पण न्हवता मी. सही मात्र छान आली होती. साहेब म्हणाले, बाईंचं अक्षर सुरेख आहे."

मग अकरा वर्षं दर क्षमावाणीला काय व्हायचं? मावशींचं कार्ड आई गठ्ठ्यातून उचलायच्या, हातात धरायच्या आणि परत खाली ठेवायच्या. ते गुलाबी कार्ड, ज्याचा मी फोटो काढला होता, ते मावशींचंच होतं. सही झालेली होती, पाठवलं नव्हतं. आई म्हणाल्या, "त्या सहीनं कसं मागू माफी? तीच सही त्या कागदावर हाय."

मैत्रिणींनो, मी काही बोलले नाही. कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. जुन्या पत्रव्यवहारातला 'दस्तुरखुद्द' हा शब्द आपण ऐकलेला असतो, म्हणजे स्वतःच्या हातचं. 'निशाणी डावा अंगठा' असं लिहून अंगठा उठवणाऱ्या बायका आपल्याच आज्या-पणज्या होत्या. त्या ठशाला वळण नव्हतं, सौंदर्य नव्हतं, पण तो त्यांचाच होता, दुसऱ्या कुणाचा होऊच शकत नव्हता. आणि मी आईंच्या हातातून आईंनाच काढून टाकत होते, तेही प्रेमाने. घरात आपण हे किती वेळा करतो. सासूबाईंचं बोलणं पाहुण्यांपुढे "त्यांना असं म्हणायचंय" म्हणून गुळगुळीत करतो. म्हाताऱ्या माणसाचा फोटो लावताना सुरकुत्या पुसतो.

कंट्रोल आणि झेड दाबत मागे गेले. कमळ गेलं. लांबवलेला काना गेला. शिरोरेषा पुन्हा वाकडी झाली. शेकडो ठिपके परत आले. मी फक्त दोन गोष्टी राहू दिल्या. कागदावर मार्करचा एक नको तो डाग पडला होता तो पुसला, आणि काळ्याऐवजी निळा रंग दिला, त्या जुन्या छापील कार्डांच्या शाईसारखा. पार्श्वभूमी फिकट गुलाबी. मजकूर साध्या मुक्त फॉण्टमध्ये, बारीक. खाली उजवीकडे, मजकुरापेक्षा चौपट मोठं, नुसतं 'अक्का'. बाकीच्या नातेवाइकांसाठी दुसरी प्रत केली, त्यात 'अक्का'च्या शेजारी आमच्या परिवाराचं नाव.

आईंनी या वेळी बोट लावून बघितलं, पडद्यावरच. 'क्का'च्या जोडाक्षरावर बोट थांबलं, तिथे हात जास्त कापला होता. "हां," त्या म्हणाल्या. "हे माझं."

मोबाइलवर पाठवायचं चित्र १०८० बाय १०८० असं चौकोनी केलं. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून पाठवतं आणि बारीक अक्षर पुसट होतं, म्हणून घरच्यांना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. पण मावशींना मोबाइलवर पाठवायचं नाही असं आईंनीच ठरवलं. त्यांच्यासाठी पोस्टकार्डाच्या मापाची, साधारण १४ बाय ९ सेंटिमीटरची एकच प्रत फडके रोडजवळच्या एका दुकानातून जाड कागदावर छापून आणली. मागच्या बाजूला पत्ता मी लिहिला. आईंनी कार्ड हातात घेतलं, मनात नाव आणलं, पूर्वीसारखं क्षणभर थांबल्या. सही तर आधीच झाली होती. मग त्यांनी मार्कर घेतलं आणि छापलेल्या 'अक्का'च्या खाली, हाताने, एक रेघ ओढली. ती वाकडी गेली. कार्ड पाकिटात घालून मीच पोस्टात टाकून आले.

सहा दिवसांनी दुपारी घरचा फोन वाजला. मी कणीक मळत होते, म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग मावशींचा आवाज, अकरा वर्षांनी पण ओळखू आला. नमस्कार नाही, क्षमा नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "अक्काचा हात कापतोय काय गं?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडून निरोप बंद, त्यांच्याकडून चौकशी बंद. सहा वर्षांचं दुखणं त्यांना त्या दोन अक्षरांवरून कळलं. मी कंट्रोल आणि एल दाबून ठेवलं असतं तर मावशींच्या हातात एक छानसं कार्ड पडलं असतं आणि त्या म्हणाल्या असत्या, अक्काचं बरं चाललंय, नेहमीसारखंच.

फोन आईंच्या कानाला लावला आणि मी कणकेचे हात घेऊन गॅलरीत गेले. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. फार बोलल्या नसाव्यात, चारच मिनिटं झाली. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. शेत शेताच्या जागी आहे आणि कागद कागदाच्या. दिवाळीनंतर मावशी येणार की नाही तेही ठरलेलं नाही. पण आईंनी त्या दिवशी दुरेघी वही मागून घेतली. रोज सामायिक झालं की एक पान लिहितात. आधी आबांची रेघ, मग खाली अक्षरं. काल मी डोकावले तर मावशींचं नाव लिहिलेलं होतं, पानभर.

तुमच्या घरी कुणाचं अक्षर असं हळूहळू बारीक होत चाललं असेल तर आजच एक जाड पेन आणि दुरेघी वही त्यांच्यापुढे ठेवा. फोटो काढून ठेवा. त्यातला डाग पुसा, कागद पांढरा करा, पण थरथर तशीच राहू द्या. आणि कुणी कागद पुढे करून "सही करा" म्हटलं, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर आधी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचा.

माझ्या लिहिण्यातून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.